टाकीतलं वाळवण

आमच्या घरामागच्या नाल्याकाठी सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र होणार, हे कळलं तेव्हा सगळ्यात आधी आई पेटली. नगरपालिकेत द्यायच्या अर्जावर तिने गल्लीभर फिरून सह्या घेतल्या. अर्जात डास आणि आजार होते. खरं कारण ती ओट्यावर सांगायची. "मागच्या दारात गटाराचा कारखाना, अन् पुढच्या दारातून पाहुणे येतीन काय? मह्या पोरीले कोन करून घेईन?" पोरगी म्हणजे मी. एम.एस्सी. झालेली, एकोणतीस वर्षांची, दोन स्थळं परत गेलेली. त्यामुळे मलाही धड हसता येत नव्हतं.

अर्जाचं काही झालं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक भली मोठी गोल टाकी बांधून झाली, मग पुढचं सामान यायचं राहिलं आणि काम थांबलं. टाकीकडे रोज रागानं बघता बघता आईला त्यात वेगळंच काही दिसायला लागलं. तापलेला, गुळगुळीत तळ आणि उंच भिंती, म्हणजे शेळ्या नाहीत, धूळ नाही. आमच्या गच्चीवरचं अर्धं वाळवण दर वर्षी वानरं न्यायची. टाकीत उतरायची त्यांची हिंमत नव्हती.

चौकीदाराकडे पापडाचा डबा पोचला आणि शिडी लागली. आठवड्याभरात अख्ख्या गल्लीच्या जुन्या साड्या टाकीत अंथरल्या गेल्या, त्यांवर कुरडया नि पापड. "टाकी कायची, परात हाये बाई," आई म्हणायची. काम रखडलं म्हणून कोणी कुरकुरलं की तीच त्याला गप्प बसवायची. महिन्याच्या महिन्याला पिवळं हेल्मेट घातलेला एक इंजिनिअर कामाचे फोटो काढायला यायचा. चौकीदार शिट्टी मारायचा, की बायका पदर ओढून भिंतीला चिकटायच्या. कुरडया कुठे लपवणार?

मे महिन्यात मेहकरचं स्थळ आलं. मुलगा पाण्याच्या कामावर आहे, असं मध्यस्थ म्हणाला. आम्हीही त्याला टाकीबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. पाहुणे आले तेव्हा मागचं दार बंद, खिडकीला जाड पडदा, आणि उदबत्त्या इतक्या की मुलाच्या काकांना ठसका लागला. पोह्यांबरोबर आईने तळलेल्या कुरडया ठेवल्या. मुलाने एक उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि मान खाली घालून हसला.

आम्हाला दोघांना बोलायला आतल्या खोलीत बसवलं. त्याने शिक्षण विचारलं नाही की छंद विचारला नाही. हळूच म्हणाला, "तुमच्या आईले सांगा, सोमवारी टाकीत पाणी भरून राह्यलो. गळती पाहाची हाये. रविवारपर्यंत कुरोड्या उचलून घ्या म्हना."

"म्हणजे ते हेल्मेटवाले..."

"मीच. कुरोड्या दिसू नये म्हनून भिंतीचेच फोटो पाठवतो. वरचे साहेब इचारते, तळ बांधला का नाही बांधला?"

मला हसू आवरेना. "मग मध्यस्थाने पाण्याचं काम काऊन सांगितलं?"

त्याने खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं. "गटाराचं म्हटलं का पोरीवाले उठून जातात. तीन जागी तसंच झालं."

आई ओट्यावर सांगायची आणि मलाही पटायचं, तेच दुसऱ्या बाजूने ऐकताना मला लाज वाटली. मी उठले आणि खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला केला.

रविवारी सगळी गल्ली टाकीत उतरली. सोमवारी पाणी भरलं आणि दिवसभर तो काठाकाठाने भिंती तपासत फिरला. ओल कुठेच दिसली नाही. आमचा होकार मेहकरला अजून कळवायचा होता, तरी आई मागच्या दारात उभी राहून शेजारणीला म्हणाली, "पक्की बांधली हो जावयानं." मग आवाज उतरवून, "पन पुढच्या साली वाळवन कुठी घालाव?"