जावईबापू, खाली बसा

हॉल हसत होता आणि माझ्या जावयाचं तोंड वाकडं झालं होतं. ओठाची डावी कड खाली आली होती, शब्द जिभेवरच लोळत होते. माझीच जुनी हिरवी साडी तो नेसला होता, तिचा पदर खांद्यावरून खाली आला तरी त्याचा हात वर जात नव्हता. स्किटमध्ये त्याच्या जावयाचं काम करणारा सुहास समोर उभा होता. तो पटकन म्हणाला, "सासूबाई, तोंडातली मशेरी थुंका आधी, मग बोला." लोकांनी टाळ्या पिटल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. मी उठले आणि अंगात होता तेवढा आवाज काढून ओरडले, "जावईबापू, खाली बसा! अहो, थांबवा हे, त्यांना काहीतरी होतंय!" ... आणि हॉल आणखी मोठ्याने हसला. माझ्या मागच्या बाईने हसत हसत माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, "काय टायमिंग आहे काकी तुमचं!"

माणूस मरतोय असं एक म्हातारी ओरडून सांगते आणि माणसं हसतात, हे कसं झालं ते मला सांगायचं आहे. पेपरवाल्यांनी माझ्या जावयाच्या, दिगंबरच्या, आठवणी लिहा म्हटलं. वैशाली, माझी मुलगी, म्हणाली, मला जमणार नाही, तूच लिही. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले. पण हे लिहायला तेवढं पुरे.

दिगंबर आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा साकीनाक्याला एका गाळ्यात प्रेस मशीनवर काम करायचा. संध्याकाळी एकांकिका, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम. असल्फ्याला आमच्या मंडळात त्याने असाच काहीतरी कार्यक्रम केला आणि वैशालीला तो आवडला. मला नाही आवडला. माझा नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर तो घरात भिंतीकडे तोंड करून बसलेला मी पाहिला होता. बिनभरवशाच्या पोटापाण्याची मला चीड होती. मी त्याला बांगड्याचं तिखलं वाढलं आणि विचारलं, "अहो, लोक हसायचे थांबले की तुम्ही काय खाणार?" आमच्याकडे जावयाला अरेतुरे करत नाहीत. मी रीत पाळली, तोंड काही पाळलं नाही. जेवता जेवता तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, तुम्ही मला मान देताय की झोडपताय?" मी म्हटलं, "दोन्ही. भात घ्या."

तेव्हापासून तो माझ्याकडे बघत होता, हे मला फार उशिरा कळलं. लग्नानंतर वैशालीला घेऊन रविवारी यायचा आणि मोरीशेजारच्या उंबऱ्यावर बसून मी मासे साफ करताना बघायचा. बोलायचा वैशालीशी, लक्ष माझ्या हातांवर. रंगात आला की उभा राहून हातवारे करायचा. आमची खोली ती केवढी, वर पोटमाळा. याचा हात पोटमाळ्याच्या फळीवर आपटायचा, भांडी खडखडायची, आणि तो पंख्याच्या वाऱ्यातच उभा असल्याने आम्ही सगळे घामाघूम. मी ओरडायचे, "जावईबापू, खाली बसा!" तो बसायचा. परत उठायचा.

मग तो टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात गेला आणि मथुराकाकी आली, साडी नेसून तोच. त्या रात्री आम्ही सगळे बघत होतो. हिरव्या साडीतली एक बाई जमिनीवरून उठली... डावा हात गुडघ्यावर, उजवा भिंतीला, तोंडातला 'आई गं' गिळून टाकलेला, आणि उठल्यावर आधी पदर खोचला, मग पाय टाकला. पुढचं कोणी बोलायच्या आत शेजारची शोभा किंचाळली, "अगो बाई, ही तर तू!" मग ती काकी आपल्या जावयाला म्हणाली, "अहो गाढव, अक्कल कोणत्या बसमध्ये विसरलात?" आणि तो जावई फुशारक्या मारायला लागला तसं, "जावईबापू, खाली बसा!" अख्खा महाराष्ट्र हसला म्हणतात. असल्फा तर नक्कीच हसला. दुसऱ्या दिवशी भाजीवाला म्हणाला, "मथुराकाकी, कोथिंबीर घ्या." मी कोथिंबीर घेतली नाही आणि त्याच्याकडे परत गेलेही नाही.

दिगंबरशी मी बोलणं टाकलं. तो येत राहिला. उंबऱ्यावर बसून म्हणायचा, "आई, शिवी तरी द्या." मी देत नव्हते. शेवटी एकदा म्हणाला, "तुमची ती जुनी हिरवी साडी द्या ना. कार्यक्रमवाल्यांनी दुकानातून आणलेल्या साडीत तुम्ही येत नाही." मी म्हटलं, "मी कशाला येऊ? मी काय भूत आहे?" तो इतका हसला की मला चुलीकडे, म्हणजे गॅसकडे, तोंड फिरवावं लागलं. साडी दिली. त्याच्यासमोर मी हसत नसे. हसले असते तर तो डोक्यावर बसला असता.

एक गोष्ट मात्र मी त्याच्या कामाबद्दल सांगेन, कारण शोकसभेत मोठमोठी माणसं बोलली आणि हे कोणी बोललं नाही. पुरुष साडी नेसून विनोद करतात तेव्हा छातीत कापड कोंबतात आणि कंबर हलवतात. दिगंबरने ते कधी केलं नाही. त्याने गुडघे दुखणारी बाई केली. आणि त्याच्या प्रत्येक स्किटमध्ये ती बाई बरोबर असायची. गॅस गळतोय, दार उघडं राहिलंय, हा माणूस फसवतोय... जे ती सांगायची ते खरं निघायचं. पण कोणी तिचं ऐकायचं नाही. ती जितकी जीव तोडून ओरडायची तितके लोक हसायचे. सगळा विनोद त्यावरच होता. दिगंबरला मी एकदा विचारलं होतं, "त्या बाईचं एकदा तरी कोणी ऐकलं तर काय होईल?" म्हणाला, "स्किट संपेल, आई."

नाव झालं, कांजूरमार्गला लिफ्ट असलेल्या इमारतीत घर झालं, तसं त्याचं डोकं दुखायला लागलं. ब्लडप्रेशर होतं. डॉक्टरने गोळी दिली, ती तो शूटिंगच्या दिवशी घेत नसे. "गोळीने सुस्ती येते आई, विनोदाचा पंच हातातून सुटतो." वैशाली भांडून थकली. मी म्हटलं, "अहो, पंच सुटला तर सुटला, तुम्ही सुटाल." त्याने ते वाक्य लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं. अशा माणसाला काय सांगणार? आणि कार्यक्रमवाल्यांना तर काहीच दिसत नव्हतं. तो दुपारी मेकअपच्या खोलीत डोक्याला रुमाल बांधून पडायचा, दिवे लागले की उठायचा. उठतोय तोवर त्यांचं चाललं होतं.

मग त्यांनी विशेष भाग काढला. खऱ्या सासूला पाहुणी म्हणून बोलवायचं. वैशालीला ऑफिसातून सुट्टी मिळेना, आणि मला जायचं नव्हतं. दिगंबर म्हणाला, "या ना आई, एकदाच. चोरी कुठून केली ते लोकांना कळू दे." गेले. शूटिंगचा हॉल म्हणजे साकीनाक्याच्या गाळ्यांमधली जुनी कारखान्याची शेड. आत शिरताना त्याने मला कोपरा दाखवला. "याच्या मागच्या गाळ्यात माझं मशीन होतं. तेव्हा आवाजाने डोकं दुखायचं, आता हसण्याने दुखतं." हे तो हसत म्हणाला.

सुरुवातीलाच निवेदिकेने मला उभं केलं. माझ्या हातात माईक दिला आणि म्हणाली, "आजी, ते वाक्य एकदा तुमच्या तोंडून होऊन जाऊ दे!" दिवे डोळ्यांत जात होते. मी म्हटलं, "जावईबापू, खाली बसा." हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. झालं. तिथून पुढे मी त्यांच्यासाठी कार्यक्रमातलीच होते.

स्किट सुरू झालं. मथुराकाकी जमिनीवर तांदूळ निवडत बसलेली. तिला उठायचं होतं. तो उठला, पण हात गुडघ्यावर गेला नाही. दोनशे वेळा पाहिलंय मी त्याला माझ्यासारखं उठताना, आणि मी स्वतः तर रोज उठते. हे उठणं माझं नव्हतं. डावा पाय मागे राहिला, तो त्याने ओढून आणला. लोकांना ती नवीन लकब वाटली. मग जीभ जड झाली. सुहासने ते मशेरीचं वाक्य टाकलं. मग दिगंबर नुसताच बघत राहिला, आणि सुहास म्हणाला, "काकींचं नेटवर्क गेलं वाटतं!" यांच्यात अशी पद्धत आहे. एकजण अडखळला की दुसऱ्याने सांभाळून घ्यायचं, वरून कट येईपर्यंत थांबायचं नाही. दिगंबर मला अभिमानाने सांगायचा, "आमच्यात कोणाला पडू देत नाहीत, आई." सुहासने त्याला इतकं छान सांभाळून घेतलं की तो आजारी आहे हे कोणाला कळलंच नाही.

मी ओरडले ते सुरुवातीला सांगितलं. पुढे जाऊन स्टेजची पायरी चढायला गेले तर एका पोरीने मला हसत हसत हाताला धरून परत बसवलं. "आजी, अजून तुमची एन्ट्री नाही." मी तिच्या हाताला चावले. खरं सांगते, चावले. त्यावरही लोक हसले. मग तो पडला. पडल्यावरसुद्धा मागच्या रांगा हसत होत्या... सुहासचा चेहरा दिसला तेव्हा थांबल्या.

त्याला घेऊन निघालेली गाडी साकीनाक्याच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत मी त्याचा पदर धरून बसले होते. दुसरं काही धरायला सापडलं नाही. हॉस्पिटलात साडी कात्रीने कापून काढली. वैशाली ऑफिसातून थेट तिथेच आली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, थोडं आधी आणायला हवं होतं. वैशालीने विचारलं, "थोडं म्हणजे किती?" सकाळी तो गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

सुहास घरी आला. दारातच रडायला लागला. "मावशी, शपथ, मला वाटलं शब्द विसरला." मी म्हटलं, "तुला वाटलं. मला दिसलं." चहा दिला त्याला. तो वाईट पोरगा नाही. पण त्याला बरं वाटेल असं काही मी बोलले नाही, बोलणारही नाही.

मग कार्यक्रमवाले आले, एक बाई आणि एक साहेब. त्यांना तो भाग श्रद्धांजली म्हणून दाखवायचा होता. बाई म्हणाली, "लोकांना त्यांची शेवटची कला बघायची आहे." वैशाली उठून आत गेली. साहेब मला म्हणाले, "आजी, तुमचं ते ओरडणं... फार भिडेल लोकांना. आम्ही हसण्याचे आवाज काढून टाकू." मी म्हटलं, "साहेब, हसणं काढलंत तर ते खोटं होईल. ठेवलंत तर तुम्हाला लाज वाटेल. म्हणून दाखवू नका." ते म्हणाले, विचार करू. त्या हॉलमध्ये कोणीतरी मोबाइलवर घेतलेला तुकडा मात्र केव्हाचाच फिरतोय. 'खऱ्या सासूची धमाल एन्ट्री' असं वर लिहिलंय आणि खाली हसरे पिवळे चेहरे. तुमच्याकडेही आला असेल. आता कळलं असेल तुम्ही काय बघितलंत. मी एन्ट्री घेतली नव्हती. मी माझ्या जावयाला वाचवायला उठले होते.

हिरव्या साडीचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत पोटमाळ्यावर आहेत. त्यांचं मला काही वाटत नाही, साडी फाटतेच. वैशाली हल्ली माझ्याकडे राहते. परवा मी मासे साफ करून उठले, हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीला, पदर खोचला. ती उंबऱ्याजवळ उभी होती. म्हणाली, "आई, जरा वेगळी उठ ना गं... मला बघवत नाही." मी म्हटलं, "गुडघा आहे तो, वेगळा कुठून आणू?" ती रडायला लागली, मी हात धुतले. पण खरं ते तिचंच आहे. आता उठताना माझी मलाच शंका येते, हे मी करतेय की त्याचं बघून करतेय. इतकी वर्षं त्याने माझी नक्कल केली, आता जिवंत आहे तोवर मी त्याची करणार.

त्या हॉलमध्ये हसत नव्हतो ते आम्ही दोघंच. तो आणि मी. त्यातली मी राहिले.