बाबांची ऑनलाइन पूजा आणि माझं सज्जन सॉफ्टवेअर

जगाचं भलं करायला निघण्याआधी घरात पूजा कधी आहे, एवढं विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं.

झालं असं, की आपला कॉम्प्युटर रिकामा असताना शास्त्रज्ञांची गणितं सोडवायला देता येतो, हे मला कळलं. फुकट! (म्हणजे आपण त्यांना फुकट.) त्यासाठी सॉफ्टवेअर टाकायचं. ती निघाली दोन. पहिलं सतत राबणारं. ते टाकल्यावर आमचा म्हातारा कॉम्प्युटर असा घोंघावला, की आई किचनमधून ओरडली, "मिक्सर कोणी चालू ठेवलाय रे?" मग मी दुसरं निवडलं. एकदम सज्जन! माउसला हात लावला की बाजूला सरकणार. दोन-तीन मिनिटं कुणीच हात लावला नाही, तरच कामाला लागणार. मी स्वतःवर जाम खूश!

माझे बाबा पंचवटीत पूजा सांगतात. त्या रविवारी याच कॉम्प्युटरवरून त्यांची पहिलीच ऑनलाइन पूजा होती. यजमान नवरा-बायको सिंगापूरला, नवा फ्लॅट, सत्यनारायण. ही नीट झाली तर त्यांचे तिकडचे मित्रही बाबांकडून पूजा करून घेणार होते. बाबांनी कॅमेऱ्याला गंध लावायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

आता पूजेत माउसला हात कोण लावणार? कुणीच नाही! सज्जन सॉफ्टवेअरनं पाहिलं, कॉम्प्युटर रिकामा आहे. लागलं कामाला.

बाबा "आचमन करा" म्हणाले आणि तळहात तोंडाला लावलेल्या अवस्थेतच सिंगापूरच्या स्क्रीनवर त्यांचं चित्र अडकलं. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला, "गुरुजी, तांब्या संपला! अजून प्यायचं का?"

"ओंक्या!" बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "काय केलंस?"

"माझं सॉफ्टवेअर चालू झालंय. बंद करतो..."

"काही बंद करू नकोस! काल ट्रायलला 'बंद करतो' म्हणालास आणि यजमानांनाच बंद केलंस!"

"मग नुसता माउस हलवत बसतो. तेवढ्यानं ते गप्प बसतं."

"बस. अरे थांब, पारोसा कुठे पुढे येतोस! आधी अंघोळ!"

गीझरला वेळ नव्हता. नाशिकची जानेवारीतली सकाळ! गार पाण्याचे दोन तांबे ओतून, सोवळं नेसून, उघडा, कुडकुडत मी माउस फिरवू लागलो. चित्र सुरळीत! जरा थांबलो की बाबांचे डोळे मोठे व्हायचे. "पुष्पं... हलव रे!... समर्पयामि."

कथेच्या तिसऱ्या अध्यायात यजमानबाईंनी विचारलंच, "गुरुजी, चिरंजीव मघापासून उजव्या हातानं काय फिरवतायत? आम्हीपण फिरवायचं का?"

बाबांनी पापणीही लववली नाही. "नाही. ते इकडूनच करायचं असतं."

"बघ, किती शास्त्रोक्त!" नवरा बायकोला म्हणाला, आणि दोघांनी मला हात जोडले.

सॉफ्टवेअर मी त्याच दुपारी काढून टाकलं. संध्याकाळी त्यांच्या मित्राचा फोन आला, "गुरुजी, आम्हाला तीच पूजा हवी. ती फिरवायची."

"बाबा, आता माउस हलवायची गरजच नाहीये!"

"तुला नाहीये. यजमानांना आहे."

शास्त्रज्ञांचं एकही गणित माझ्या हातून सुटलेलं नाही. मी मात्र दर रविवारी पहाटे उठतो, गार पाण्यानं अंघोळ करतो आणि कारण नसताना, अत्यंत भक्तिभावानं, माउस फिरवत बसतो.