अकरा हिरवी नावं

आमच्या शाळेत नेनिता दुमांकास मॅमचा वर्ग कुणाला शोधावा लागत नाही. ज्या वर्गात पाढ्यांपासून झाडलोटीच्या पाळीपर्यंत प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला दिसेल, तो त्यांचा. एकदा पोरांनी विज्ञानाच्या तासाला फणसाचं पान आणलं, तर मॅमनी तेही मशीनमधून काढलं. पान आतल्या आत काळं पडलं, पण भिंतीवरून काही उतरलं नाही. मशीन त्यांचं स्वतःचं, घरून ट्रायसिकल रिक्षात मांडीवर घेऊन आणलेलं.

मी सर रोमुलो, शेजारच्या पाचवीचा. आमच्या दोन वर्गांमध्ये प्लायवुडची भिंत आहे, म्हणजे भिंत आहे असं मानायचं. इकडे शिंकलं की तिकडे कोणीतरी 'तब्येत सांभाळा' म्हणतं. त्यामुळे मॅमबद्दल मी जे सांगतोय ते ऐकीव आहे, पण अगदी जवळून ऐकीव.

मॅमची शिकवण्यात एकतीस वर्षं गेलेली. वर्ग चौथीच्या शेवटच्या तुकडीचा, शेहेचाळीस मुलांचा. या तुकडीत कोणत्या मुलांना टाकतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त शाळेच्या कागदोपत्री सगळ्या तुकड्या सारख्या. त्यातल्या अकरा मुलांना धड वाचता येत नव्हतं. मॅम त्यांना रोज चार वाजता थांबवून घ्यायच्या, उकडलेली रताळी समोर ठेवायच्या आणि एकेक अक्षर गिरवून घ्यायच्या. मी घरी निघायचो तेव्हा प्लायवुडपलीकडून अकरा आवाज एकच शब्द अकरा तऱ्हांनी वाचताना ऐकू यायचे.

त्या वर्षी शाळेत मास्टर टीचरची, म्हणजे वरिष्ठ शिक्षकाची, एक जागा निघाली. अर्जदार दोन: मॅम आणि मी. मॅमचा हा चौथा अर्ज. संसारात कुणाला काय हवं असतं, मॅमना दारावर त्या पदाची पाटी हवी होती. "निवृत्त होताना तरी नावापुढे काहीतरी असावं रे, रोमी," त्या म्हणायच्या. जागा कुणाला द्यायची ते वर्गनिरीक्षणाच्या गुणांवर ठरणार होतं.

आणि निरीक्षणात काय बघणार, तर 'मोफत ऑनलाइन साधनांतून विद्यार्थ्यांचा सहभाग'. तसं पत्रकच आलं होतं. आमचे मुख्याध्यापक पाल्मारेस सर असली पत्रकं नाचवत फिरतात. स्वतः ते दर शनिवारी घरात टीव्ही बघत बघत दोन ऑनलाइन कार्यशाळा करतात आणि सोमवारी झेंड्यापुढे प्रमाणपत्रं वाचून दाखवतात. ते म्हणाले, "साधनं फुकट आहेत, आता सबब चालणार नाही." साधन फुकट होतं हे खरंच. इंटरनेट, प्रोजेक्टर, फोन आणि वीज एवढ्या किरकोळ गोष्टी तेवढ्या आम्ही बघायच्या होत्या.

मॅमनी आधी प्रश्नमंजुषेचा खेळ करून पाहिला, ज्यात मुलं फोनवर उत्तरं देतात आणि पडद्यावर शर्यत लागते. फुकटात तो दहाच मुलांना खेळू द्यायचा. मॅमकडे मुलं शेहेचाळीस आणि फोन सात, त्यातल्या दोन फोनच्या काचा फुटलेल्या. मग त्यांनी एक ऑनलाइन भिंत काढली, जिच्यावर मुलांनी आपले विचार चिकटवायचे. मुलांनी एकमेकांच्या बापांची नावं चिकटवली.

शेवटी त्यांच्या भाचीने त्यांना कार्डांची युक्ती दाखवली. प्रत्येक मुलाला काळ्यापांढऱ्या नक्षीचं एक चौकोनी कार्ड. चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. शिक्षकाने फक्त आपला एक फोन वर्गावरून फिरवायचा, की पडद्यावर मुलांची नावं उजळतात. बरोबर असेल तो हिरवा, चुकला तो लाल, फोनला दिसलाच नाही तो राखाडी. मुलांना फोन नको, काही नको. मॅम दोन दिवस एवढ्या खूश होत्या की त्यांनी मलाही एक रताळं दिलं.

मग तालीम सुरू झाली. अपूर्णांकाचा तोच पाठ त्यांनी चार वेळा घेतला, तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. पाचव्या दिवशी माझ्या वर्गातली पोरंसुद्धा प्लायवुडच्या अलीकडून उत्तरं पुटपुटायला लागली: ए, सी, ए, डी, बी. हसू नका, मीही तेच केलं होतं. माझं निरीक्षण मंगळवारी झालं, सातवीच्या पोरांचे फोन उसने आणून, आणि इतकं गुळगुळीत झालं की मलाच झोप आली असती. मला चांगले गुण पडले. मॅमना जास्त पडले तरच जागा त्यांची, नाहीतर माझी.

मॅमचं निरीक्षण गुरुवारी होतं. आदल्या दिवशी पाल्मारेस सर येऊन सांगून गेले, "मॅम, ती अकरा उद्या बागेत पाठवा. झाडांना पाणी घालू दे."

"नाही, सर," मॅम म्हणाल्या. "ती माझ्या पटावर आहेत."

"मग निदान दिसणार नाहीत असं बघा."

मॅमनी ते मान्य केलं. अकरा जणांना कोपऱ्यात, मोठ्या लोखंडी कपाटाच्या आड बसवलं. बाकीच्यांना पुढे, खिडक्यांच्या बाजूला, उजेडात. आणि जाता जाता त्यांना वाटलं, निरीक्षणाला येणाऱ्या बाई कार्ड हातात घेऊन बघतील, साधा कागद बरा दिसत नाही. मशीन होतंच. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस कार्डं लॅमिनेट झाली.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता शिक्षण विभागातून डॉक्टर गायेगो आल्या, सोबत पाल्मारेस सर. चष्मा, फाईल, आणि कपाळावर कायमची आठी. माझा तास मोकळा होता, म्हणून मी प्रोजेक्टर धरायला आत होतो. तो धरावाच लागतो, स्टँडचा एक पाय गेलाय. मॅमनी पहिला प्रश्न टाकला, शेहेचाळीस कार्डं एकदम वर गेली, आणि मॅमनी फोन फिरवला.

खिडक्यांतून ऊन येत होतं आणि कार्डं आरशासारखी चमकत होती. फोनला त्या चकाकीत काही म्हणजे काही दिसेना. मॅमनी फोन डावीकडून फिरवला, उजवीकडून फिरवला, खुर्चीवर चढून फिरवला. पुढच्या पस्तीस हुशार पोरांची नावं राखाडीच राहिली. पण कपाटाच्या सावलीत चकाकी नव्हती. तिथल्या अकरा मुलांची नावं एकेक करून पडद्यावर उजळली, आणि सगळी हिरवी.

दुसरा प्रश्न, तेच. तिसरा, तेच. मॅमच्या मानेवरून घाम ओघळत होता. मला खोटं बोलवत नाही, मी प्रोजेक्टर धरून मनातल्या मनात माझ्या दारावर पाटी ठोकत होतो.

डॉक्टर गायेगोंनी फाईल उघडली. त्यात वाचनात मागे असलेल्या मुलांची यादी होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, परत पडद्याकडे.

"एक मिनिट, मॅम. ही अकरा नावं म्हणजे तुमची मागे पडलेली मुलं ना?"

"हो, डॉक्टर."

"म्हणजे कार्डं सगळ्यांच्या हातात, पण प्रतिसाद फक्त यांचाच मोजताय? बाकीच्यांना कळतही नाही, यांना लाजही वाटत नाही. आणि सगळी बरोबर."

मॅमनी तोंड उघडलं. त्या काही बोलायच्या आतच पाल्मारेस सर म्हणाले, "ही मॅमची स्वतःची पद्धत आहे, डॉक्टर. गेलं वर्षभर आम्ही तिच्यावर काम करतोय."

मॅमनी तोंड मिटलं.

संध्याकाळी गुण कळले. विभागातले सर्वांत जास्त. डॉक्टरबाईंच्या कपाळावरची आठी गेल्याचं शिपायानेसुद्धा पाहिलं. सगळ्या शाळांच्या शिक्षकांपुढे मॅमनी 'निवडक प्रतिसाद पद्धती'चं प्रात्यक्षिक द्यावं असंही ठरलं. मी अभिनंदन करायला गेलो तेव्हा मॅम पानसितच्या शेवया खात बसल्या होत्या, पण घास फिरवत होत्या.

"ऊन होतं रे, रोमी," त्या म्हणाल्या. "नुसतं ऊन."

"गप्प बसा, मॅम. एकतीस वर्षांनी ऊन तुमच्या बाजूने पडलंय."

हे मी मोठ्या मनाने बोललो असं समजू नका. आता त्या खरं बोलल्या तर माझ्याही तालमीचं निघालं असतं.

पुढच्या आठवड्यात वाचनाची यादी विभागातून परत आली. अकरा नावांवर लाल रेघ मारलेली, पुढे शेरा: 'निरीक्षणात शंभर टक्के. जादा वर्गाची गरज नाही.' चार वाजताचा वर्ग बंद. ती वेळ आणि ती खोली पाल्मारेस सरांनी ऑनलाइन कार्यशाळांसाठी घेतलीसुद्धा.

मी सही घ्यायला मुख्याध्यापकांच्या खोलीत होतो तेव्हा मॅम यादी घेऊन आल्या.

"सर, या मुलांना वाचता येत नाही."

"शंभर टक्के आहेत, मॅम. तुम्हीच दाखवलेत."

"जोमारीला 'अर्धा' हा शब्द वाचता येत नाही. सगळा पाठ त्या अर्ध्यावरच होता. त्याने तिसऱ्या प्रश्नाला ए धरलं, कारण मी चार दिवस सांगत होते की तिसऱ्याला ए."

पाल्मारेस सरांनी दार लावलं. मला बाहेर जा म्हणायला ते विसरले.

"मॅम, नीट ऐका. ते गुण खोटे, तर तुमचेही खोटे. पाटीचा विचार करा. अकरा पोरं काय, पुढच्या वर्षी शिकतील."

"पुढच्या वर्षी ती पाचवीत जातील, सर. इथे सर रोमुलोंकडे." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "ते चार वाजता घरी जातात."

मला राग आला. खरं बोललं की येतोच.

मॅमनी विभागाला पत्र लिहिलं, हाताने, दोन पानं. तालीम, ऊन, कपाट, काही सोडलं नाही. माझं नाव मात्र कुठे घेतलं नाही. फेरनिरीक्षण मागितलं. पाल्मारेस सर त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकदम आठवलं की मॅम पूर्वीपासूनच जरा हट्टी आहेत.

फेरनिरीक्षणाला डॉक्टर गायेगो आठीसकट आल्या. या वेळी कार्डं साध्या कागदाची होती, कपाट भिंतीला सरकवलेलं होतं, आणि प्रश्न मुलांनी कधीच न पाहिलेले. फोनने शेहेचाळीसच्या शेहेचाळीस नावं टिपली. सतरा हिरवी, एकोणतीस लाल. जोमारी लाल. पुढच्या बाकावरची हुशार पोरंही बरीचशी लाल. मॅमनी पडद्याकडे नीट पाहिलं, 'बरं, तर आपण इथे आहोत' असं म्हणाल्या, आणि अर्ध्यापासून परत सुरुवात केली.

अकरा जणांच्या यादीवरच्या रेघा निघाल्या. चार वाजताची खोली परत मिळाली. मॅमचे गुण मध्यम ठरले, आणि मास्टर टीचरची पाटी माझ्या दारावर लागली. सोमवारी झेंड्यापुढे पाल्मारेस सरांनी माझ्या गळ्यात फुलांचा हार घातला. मॅमनी टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा जास्त वेळ.

मास्टर टीचरचं एक काम असतं: इतर शिक्षकांचं निरीक्षण करून गुण द्यायचे. दुसऱ्या सत्रात मॅमच्या वर्गाची पाळी आली. मी मागे खुर्ची टाकून फॉर्म मांडीवर घेतला. आमच्याकडे पाहुणा वर्गात असला की सगळे हात वर जातात. ज्याला येतं तो उजवा उचलतो, ज्याला येत नाही तो डावा, म्हणजे शिक्षकाला कळतं कुणाला विचारायचं. मॅमनी प्रश्न विचारला आणि चार हात वर झाले. बाकीच्या बेचाळीस पोरांनी हात खालीच ठेवले, आणि त्यातला एक म्हणाला, "मॅम, मला नाही कळलं." मॅम त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. "कुठपर्यंत कळलं, तोतो?" त्यांनी विचारलं, आणि तास त्याच्याच बाकावर संपला.

माझ्या आयुष्यात मी पाहिलेला तो सगळ्यांत चांगला तास होता. फॉर्मवर 'किती विद्यार्थ्यांनी उत्साहाने हात वर केले' असा रकाना होता, आणि खाली पाल्मारेस सरांची सही लागणार होती. मी पाचपैकी एक लिहिलं.

मॅमनी फॉर्म वाचला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, निदान रोमी म्हणून एक शिवी घालतील.

"बरोबर आहे, सर," त्या म्हणाल्या. "चारच होते." आणि सही केली.