जीपचं तोंड

कोंढ्याजवळच्या आमच्या गावात धरणाची सुनावणी होती. शेतं पाण्याखाली जाणार, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मी मास्तर असलेल्या शाळेच्या मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या, पण बसलं कोणीच नव्हतं. सगळे कडेला उभे होते.

सुनावणी घ्यायला आलेले साहेब जीपमधून उतरता उतरता ड्रायव्हरला हळूच म्हणाले, "गाडी वळवून ठेव." निवृत्तीला टेकलेल्या त्या माणसानं मान हलवली, पण गाडी वळवली नाही. जीपचं तोंड गावाकडेच ठेवून तो एका हातानं बोनेट पुसत राहिला.

मी जवळ जाऊन विचारलं, "काहून वळवली नाही?"

"गुरुजी, गाडी पलटवली का लोकं समजतात, साहेब पळाच्या तयारीत हाये. मंग लोकं बी भेतात. अन् भेलेला माणूसच पयले गोटा उचलते."

बराच वेळ कोणी हललं नाही. मग एका म्हातारीनं जीपकडे पाहिलं, चपला काढल्या आणि ती सतरंजीवर बसली. हळूहळू बाकीचेही बसले. साहेब बोलू लागले.

तेव्हा कुठे ड्रायव्हरनं दुसऱ्या हाताची मूठ उघडली. किल्लीचे दात तळहातावर खोल उमटले होते.