दोन सेकंदांचं झुकतं माप

आमच्या वॉर्डातल्या व्यायामवाल्या मावशींना मुलं घड्याळमावशी म्हणत, कारण गळ्यात कायम स्टॉपवॉच. जीभ तिखट, पण ती फक्त मोठ्यांसाठी. मी तिथली नर्स, माझ्या वाट्याला बोलणी रोजचीच.

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते, अशा मुलांसाठी एका नव्या औषधाची चाचणी आमच्याकडे सुरू झाली. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन. कोणाला काय, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. दर तीन महिन्यांनी मावशी ताकद मोजायच्या: उताणं झोपून मान किती सेकंद उचलून धरता येते, हात किती वेळ वर राहतो. गुण तीसच्या खाली गेले, की त्या मुलाला ताबडतोब खरं औषध द्यायचं, असा नियम होता.

आठ वर्षांची एक बडबडी मुलगी होती. तिसऱ्या महिन्यात तिची मान अठराव्या सेकंदाला उशीला टेकली. मावशींनी बटण विसाव्याला दाबलं. मी शेजारीच होते. पाहिलं आणि हसले. वीस वर्षं "शाब्बास, आणखी एकदा" म्हणत व्यायाम घेणारी ती बाई. कुणाला नापास करायची तिला सवयच नव्हती.

"पोरीनं जीव काढला गं," मावशी पुटपुटल्या. "दोन सेकंदांनी कुणाचं काय बिघडतंय?"

त्या दोन सेकंदांचा एक गुण मिळाला आणि बेरीज बरोब्बर तीस भरली, म्हणून खरं औषध द्यायचा नियम तिला लागू झाला नाही.

पुढच्या तपासणीला तिला आईनं उचलून आणलं. मग औषध मिळालं, ताकद परतली. पण तोवर उजवं कोपर आखडलं होतं, ते तसंच राहिलं. चाचणी संपून याद्या उघडल्या, तेव्हा कळलं, की त्याआधीचे सहाही महिने तिला सलाइनच मिळालं होतं.

मावशींनी मुख्य डॉक्टरांना सगळं लिहून दिलं. त्यात माझं नाव नव्हतं. मीही घाला म्हटलं नाही, याची लाज अजून जात नाही. मुलीच्या आईलाही त्यांनीच सांगितलं. ती ऐकून घेऊन उठली. मुलीला मात्र कुणीच सांगितलं नाही.

ती अजून कोपराच्या व्यायामाला मावशींकडेच येते. परवा मावशींनी कोनमापक लावला.

"हात थोडा तरी सरळ झालाय ना?"

"नाही गं. तेवढाच आहे."

"आधी किती लाड करायचीस, मावशी. आता एक रेघसुद्धा जास्त देत नाहीस."

मावशींनी मान खाली घालून आकडा लिहिला.