खराब ब्लॉक आणि माणिकमामांची नोकरी

सिरियल केबल लावून कंट्रोलर चालू केला. लॅपटॉपवर ओळी पळाल्या आणि एका जागी थांबल्या. फाइलसिस्टम, म्हणजे फाइलींची मांडणी, कंट्रोलरला सापडत नव्हती.

चाकूर तालुक्यातल्या एका गावाचं पंपघर. आमची लातूरची कंपनी पाण्याच्या टाकीचे कंट्रोलर बनवते. टाकी भरली की पंप आपोआप बंद, एवढंच त्याचं काम. आठवड्यापूर्वी मी एका दिवसात पाच गावांत नवीन इमेज टाकली होती. इमेज म्हणजे प्रोग्राम, सेटिंग, सगळ्या फाइली यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं. ते कंट्रोलरच्या फ्लॅश मेमरीत, म्हणजे लाइट गेली तरी न पुसणाऱ्या चिपमध्ये, लिहायचं असतं; चालू मात्र ते पुढच्या रीस्टार्टला होतं.

दोन दिवसांनी रीस्टार्ट झाल्यावर इथला कंट्रोलर उठलाच नाही. सरपंचबाईंचा फोन आला तेव्हा मी न बघताच सांगून टाकलं, "अपडेट चालू असताना ऑपरेटरने मेन स्विच पाडला असणार."

त्यावर पंचायतीने ऑपरेटर माणिकमामांना कामावरून काढलं. हे मला इथे आल्यावर कळलं. ते चावी परत द्यायला थांबले होते.

"सायेब, म्या बटनाला हात बी लावला न्हाई."

"लाइट गेली असेल मग."

त्यांनी दाराची आतली बाजू दाखवली. खडूने तारखा आणि वेळा लिहिलेल्या. लाइट कधी गेली, कधी आली. "त्या दिशी अकराला आली. तुमी साडेबाराला आले. सांजंपोत्तर गेलीच न्हाई. लिव्हलंय की."

मी चिप तपासली. फ्लॅश मेमरी ब्लॉकमध्ये विभागलेली असते. त्यातले काही ब्लॉक कारखान्यातूनच खराब येतात आणि चिपवर तशी खूण असते. लिहिताना खूण बघायची, तो ब्लॉक सोडायचा, पुढच्यावर लिहायचं. त्यासाठी वेगळी कमांड आहे. मी साधी कॉपीची कमांड वापरली होती. आमच्या लॅबमधल्या बोर्डावर, इमेज लिहितात त्या भागात एकही खराब ब्लॉक नव्हता, म्हणून तिथे सगळं चाललं. इथे एकशेबारावा ब्लॉक खराब होता. तेवढा तुकडा लिहिलाच गेला नाही आणि कमांडी ओळीने चालवणारी माझी स्क्रिप्ट एरर गिळून पुढे गेली. लिहिलेलं परत वाचून मूळ इमेजशी ताडायची पायरीही मीच काढली होती. पाच गावं उरकायची होती.

देशमुख सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन लावून हे सांगितलं.

"रिपोर्टात पॉवर फेल्युअर लिहा ना. आधी तेच सांगितलंय तुम्ही."

"सर, चूक माझी आहे."

"लॉगमधल्या नोंदी कोण वाचणार आहे तिथं?"

कोणीच वाचणार नव्हतं. तेच मला टोचत होतं. खरं सांगतो, मीही पाच मिनिटं लॅपटॉप बंद करून बसलो होतो. माणिकमामांनी मधल्या काळात चहा मागवला.

दुरुस्ती अवघड नव्हती. ते काम मला चांगलं येतं. मेमरी पुसली, खराब ब्लॉक वगळून इमेज लिहिली, परत वाचली, ताडली. मग परत लिहायला घेऊन मध्येच मुद्दाम लाइट तोडून पाहिली. या वेळी जुनी इमेज मी आधीच दुसऱ्या भागात लिहून राखून ठेवली होती, कंट्रोलर तिच्यावर उठला. मग नवीन इमेज पूर्ण लिहिली. पंप चालू झाला.

नंतर पंचायतीत गेलो. सरपंचबाईंना सगळं सांगितलं.

"म्हंजे मामाची चूक न्हाई?"

"नाही. माझी."

"मंग फोनवर येवढं छातीठोक कसं सांगितलं ओ?"

त्यांनी लेखी मागितलं. मी कंपनीच्या लेटरहेडवर लिहून दिलं, सही केली. देशमुख सर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. बाकीच्या चार गावांत जाऊन मी इमेज परत लिहिली. एका ठिकाणी तसाच खराब ब्लॉक निघाला.

माणिकमामा दुसऱ्याच दिवशी कामावर आले. माझ्याशी नीट बोलतात, पण टाकी भरत आली की अजूनही स्वतः वर चढून बघतात.

फोनवर कारण विचारलं आणि ते माहीत नसलं, तर माहीत नाही म्हणावं. अंदाज सांगायला तेवढाच वेळ लागतो, निस्तरायला मात्र गावात जावं लागतं.