ढिला पडणारा पैलवान

दोन हजार एकोणीस साल, मी एकाहत्तरचा. नातीच्या टीव्हीवरच्या कुस्तीच्या गेमचे सगळे भाग मी जिंकलेले. त्या दिवशी ती मोबाईलवर त्याच गेमची गुपितं वाचत होती.

"आबा, ऐका! आपण हरायला लागलो की समोरचा पैलवान मुद्दाम ढिला पडतो. पहिल्या भागापासून असंच आहे."

"म्हणजे नुरा कुस्ती? आधीच ठरवलेली?"

"असू दे की, जिंकलात ना!"

मला नाही चालत. तरुणपणी आखाड्यात मी एकही नुरा कुस्ती धरली नाही, आणि या डब्यानं मला फसवून जिंकवलं. हल्ली वादात सूनसुद्धा लगेच गप्प बसते, तेही आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेमचा दुसरा रिमोट नातीच्या हातात दिला. "ढिली पडशील तर बघ," म्हणालो, आणि सलग पाच वेळा हरलो.